नवं कार्पेट म्हणजे फरशी नव्हे, कापड आहे: घरभर टाकलेल्या कार्पेटची काळजी, सोप्या भाषेत

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच आठवड्यात तीन मेसेज आले. एकीच्या घरी नवीन कार्पेट टाकून चार दिवस झाले होते आणि व्हॅक्यूमचा डबा रोज लोकरीच्या पुंजक्यांनी गच्च भरत होता, ती विचारत होती की दुकानवाल्याने हलका माल गळ्यात मारला का. दुसऱ्याच्या घरात तान्हं बाळ आणि कार्पेटचा वास काही जाईना, तो बिचारा रात्रभर खिडक्या उघड्या टाकून बसला होता. तिसरीने फोटो टाकला, दिवाणखान्यात दाराजवळ पाणी सांडून वाळल्यासारखा काळपट पट्टा, आणि खाली लिहिलं होतं की हात लावला तर एकदम कोरडं लागतंय, मग हे आहे काय.

तिघांचंही कार्पेट चांगलं होतं आणि तिघांनाही कुणी फसवलं नव्हतं. पण आपण वाढलो ते शहाबादी फरशीवर, मोझॅकवर, फार तर वर सतरंजी नाहीतर जाजम, त्यामुळे इंग्लंडमध्ये येऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असलेल्या घरात राहायला लागलो की त्याचं काय करायचं हे आपल्याला आईने शिकवलेलं नसतं. मी इथे एका कार्पेटच्या दुकानात सात वर्षं काम करतेय, रोज हेच प्रश्न ऐकते आणि आपल्या लोकांचे प्रश्न थोडे वेगळे असतात कारण इथल्या माहितीपत्रकात वाइन आणि कॉफीच्या डागाचं सगळं असतं पण हळदीचं नसतं, मेंदीचं नसतं, निरांजनाच्या काजळीचं नसतं. म्हणून एकदा बैजवार लिहून टाकतेय.

आधी हे समजून घ्या की खाली आहे काय

कार्पेटचा एक कोपरा उचलला (उचलू नका, मी सांगते) तर सगळ्यात खाली लाकडी फळ्या किंवा काँक्रीट, त्यावर अंडरले म्हणजे फोमची किंवा रबराची मऊ गादी, आणि त्यावर कार्पेट. खोलीच्या चारी बाजूंनी भिंतीलगत एक पातळ लाकडी पट्टी ठोकलेली असते, तिला वर तोंड केलेले बारीक खिळे असतात, कार्पेट ताणून त्या खिळ्यांत अडकवतात. म्हणजे ढोलकीवर कातडं ताणून बसवावं तसं ते ताणलेलं असतं, नुसतं अंथरलेलं नसतं.

वर जो केसाळ भाग दिसतो त्याला पाइल म्हणतात, आपण लव म्हणू, मखमलीला असते तशी. लव दोन प्रकारची. एकात धाग्याची टोकं कापलेली असतात, गवत कापल्यासारखी. दुसऱ्यात धागा वर येऊन वळून परत खाली जातो, म्हणजे छोटे छोटे फासे. हा फरक लक्षात ठेवा, व्हॅक्यूमच्या वेळी लागणार आहे. आजकालची बहुतेक कार्पेटं विणलेली नसतात, सुयांनी कापडात धागे टोचून मागून लॅटेक्सच्या डिंकाने चिकटवलेले असतात, ही पद्धत अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाच्या गावातल्या पलंगपोसांवरून आली. विणलेली कार्पेटं अजूनही मिळतात, ॲक्समिन्स्टर, विल्टन ही नावं दुकानात दिसतील, ती इंग्लंडमधल्या गावांचीच नावं आहेत, ॲक्समिन्स्टरला १७५५ मध्ये कार्पेट बनायला सुरुवात झाली. पण ती महाग.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे धागा कशाचा. लोकर, नायलॉन, पॉलिप्रोपिलीन, पॉलिएस्टर, किंवा मिश्रण. इथे ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन हे मिश्रण फार चालतं. तुमच्या बिलावर किंवा सँपलच्या मागे लिहिलेलं असतं, आजच शोधा आणि फोटो काढून फोनमध्ये ठेवा, कारण पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं यावर अवलंबून आहे. लोकर म्हणजे मेंढीचे केस, म्हणजे प्रथिन, आपल्या डोक्यावरच्या केसांसारखंच. तुमच्या केसांना जे चालणार नाही ते लोकरीला चालणार नाही. पॉलिप्रोपिलीन म्हणजे प्लॅस्टिक, पाणी त्यात अजिबात शिरत नाही पण तेल त्याला घट्ट चिकटतं, अगदी आमटीच्या प्लॅस्टिकच्या डब्यासारखं, तो डबा कितीही घासला तरी तेलकट लागतोच ना, तसं.

फरशीची सवय इथे का चालत नाही

आपली स्वच्छतेची कल्पना पाण्याची आहे. केर काढायचा, मग ओलं फडकं मारायचं, फडकं न मारलेलं घर आपल्याला स्वच्छ वाटतच नाही. आणि फरशीला ते बरोबर आहे, कारण पाणी वरच राहतं आणि पुसलं की मळ फडक्यात येतो.

कार्पेट हे कापड आहे, आणि ते असं कापड आहे की जे काढून पिळता येत नाही, दोरीवर टाकता येत नाही, उन्हात वाळवता येत नाही. त्यात घातलेलं पाणी लवेतून खाली पाठीत (म्हणजे कार्पेटच्या मागच्या कापडात), पाठीतून अंडरलेत, आणि तिथून फळ्यांत जातं आणि बाहेर यायला त्याला वाटच नसते. लोकर तर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पिऊन बसते आणि तरी हाताला ओली लागत नाही. मग काय होतं, कुबट वास सुटतो, भिंतीजवळचे ते खिळे गंजतात आणि गंजाचे ठिपके वर येतात, आणि पाठीला ताग असेल तर तागाचा तपकिरी रंग पाण्याबरोबर वर चढून फिक्या कार्पेटवर चहा सांडल्यासारखे डाग पडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एका घरी दर शनिवारी बादलीभर कोमट पाण्याने मनापासून कार्पेट पुसलं जायचं, दीड वर्षात पूर्ण खोलीचं कार्पेट काढून टाकावं लागलं.

पैठणी आपण दर वेळी नेसल्यावर धुतो का? झटकतो, वाऱ्यावर टाकतो, डाग पडला तर तेवढाच टिपतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी ड्रायक्लीनला देतो. कार्पेटलाही तसंच वागवायचं. रोजची काळजी कोरडी, पाणी फक्त डाग पडला तर आणि तेही चमच्याने मोजून.

पहिले काही आठवडे: गळणं, वास आणि सावल्या

लोकर गळते. नवा टॉवेल पहिल्या चार धुण्यांत कसा कपडेभर तंतू सोडतो, तसंच. लोकरीचा धागा आखूड आखूड तंतू पिळून बनवलेला असतो, कापताना काही तंतूंचे तुकडे लवेत सुटे राहतात, तेच वर येतात. काही आठवडे, कधी कधी दोन-चार महिने हे चालतं. दिसायला डबाभर दिसतं पण वजन केलं तर काहीच नसतं, कार्पेट त्याने विरळ होत नाही. पॉलिप्रोपिलीन किंवा नायलॉनचा धागा बहुतेक वेळा सलग लांब असतो, तो असा गळत नाही, म्हणून शेजारणीचं गळत नाही आणि माझंच गळतं असं वाटतं.

मध्येच एखादा धागा इतरांपेक्षा उंच वर आलेला दिसेल. ओढू नका. कात्रीने बाकीच्या लवेच्या उंचीला कापा, विषय संपला. फाशांच्या कार्पेटमध्ये तर ओढायचं नावच नको, स्वेटरचा धागा ओढल्यावर कशी ओळच्या ओळ उसवत जाते, तेच होतं.

वास येतो तो मुख्यतः त्या मागच्या लॅटेक्सचा आणि अंडरलेचा. त्यात एक पदार्थ असतो, नाव लांबलचक आहे, ४-फिनाइलसायक्लोहेक्सीन, माणसाच्या नाकाला तो अगदी कणभरही कळतो म्हणून वास इतका जाणवतो. पहिले दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवा, दारं उघडी ठेवा, समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळला पाहिजे, वास दिवसागणिक कमी होतो आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातो. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर ते दोन-तीन दिवस त्यांना त्या खोलीत झोपवू नका. आणि वास मारायला उदबत्त्या, रूम फ्रेशनर, सेंटेड पावडर यांचा मारा करू नका, वास तसाच राहतो आणि वर नवीन काहीतरी लवेत जाऊन बसतं.

सावल्यांचं म्हणाल तर मखमलीवर बोट फिरवून पाहा. एका दिशेने फिरवलं तर गडद, उलट फिरवलं तर फिकं. रंग तोच, लव वेगळ्या बाजूला झुकली म्हणून प्रकाश वेगळा परततो. क्रिकेटच्या मैदानावर गवताचे गडद-फिके पट्टे दिसतात तेही असेच. चालण्याने, सोफा सरकवल्याने, व्हॅक्यूमने लव इकडेतिकडे झुकते आणि पट्टे दिसतात. यातला एक प्रकार मात्र हट्टी असतो, लव एका जागी कायमची उलटी वळते आणि पाणी सांडल्यासारखा आकार दिसतो, त्याला वॉटरमार्किंगच म्हणतात. कितीतरी वर्षं अभ्यास होऊनही याचं नक्की कारण कुणाला सांगता आलेलं नाही, महाग कार्पेटवर पण होतं स्वस्तावर पण होतं, म्हणून कंपन्या याला कारखान्यातला दोष मानत नाहीत. ग्रुपवरच्या त्या तिसऱ्या मेसेजचं उत्तर हेच होतं. तिला वाईट वाटलं, वाटणारच, एवढे पैसे घातलेत. म्हणून मी दुकानात एकरंगी, गुळगुळीत, मखमली कार्पेट घेणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगते, विकल्यावर नाही.

व्हॅक्यूम: खरं काम इथेच होतं

कार्पेटचा खरा शत्रू डाग नाही, वाळू आहे. बुटांबरोबर आलेले बारीक खडे लवेच्या मुळाशी जाऊन बसतात, त्यांना धार असते, आणि वरून आपण चाललो की ते धाग्याच्या मुळाशी काचकागदासारखे घासतात. दोन वर्षांनी जिन्यात आणि दारात कार्पेट टक्कल पडल्यासारखं दिसतं ते यामुळे. घरात चपला-बूट न घालण्याची आपली पद्धत इथे फार मोठी कामाची आहे, ती सोडू नका, पाहुण्यांनाही नम्रपणे सांगा. दाराबाहेर एक आणि आत एक असं पायपुसणं ठेवा. पण रबराची पाठ असलेलं पायपुसणं थेट कार्पेटवर ठेवू नका, काही रबरांतली रसायनं खालच्या कार्पेटवर पिवळा डाग सोडतात आणि तो जात नाही.

अनवाणी चालण्याबद्दल मात्र एक सांगायचंय. थंडीत आपण टाचांना खोबरेल नाहीतर व्हॅसलिन लावतो आणि तसेच घरभर फिरतो, ते तेल लवेला लागतं, त्यावर धूळ बसते आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत एक मळकट वाट तयार होते. मोजे घाला, तेवढंच.

व्हॅक्यूम किती वेळा? जिथे वर्दळ आहे तिथे आठवड्यातून दोन-तीनदा, बाकी खोल्यांत एकदा. पूर्वी सांगायचे की लोकरीचं नवं कार्पेट सुरुवातीचे काही आठवडे व्हॅक्यूम करूच नका, आता बहुतेक ठिकाणी पहिल्यापासूनच करा पण हलक्या हाताने असं सांगतात, तुमच्या गॅरंटीच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा, वाद झाला तर तोच कागद धरला जातो. आणि घाई करू नका. आपण केरसुणी मारल्यासारखं भराभर मागेपुढे ओढतो, त्यात फक्त वरची धूळ येते. हळू ढकला, हळू ओढा, मग आडव्या दिशेने एकदा. तळाशी फिरणारा ब्रश असतो तो कापलेल्या लवेला चांगला, धूळ उपटून काढतो, पण फाशांच्या कार्पेटवर आणि लांब केसाळ लोकरीवर तो बंद करा, नाहीतर फासे उपटले जातात. डबा अर्धा भरला की रिकामा करा, नवी लोकर फुगते आणि ओढ कमी होते.

सोफ्याखाली, कपाटाखाली महिन्यातून एकदा तरी नळी घाला. लोकरीच्या कार्पेटला कसर लागते, इथे कार्पेट बीटल नावाचा किडा असतो, त्याची अळी चार-पाच मिलिमीटरची, तपकिरी आणि केसाळ, तिला अंधार आणि शांतता लागते, आणि ती लोकर खाते. जिथे व्हॅक्यूम फिरतो तिथे ती राहत नाही.

काही सांडलं की पहिली पाच मिनिटं

मागच्या उन्हाळ्यात मिरजेहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. हॉलमध्ये नवीन फिकं बिस्किटी कार्पेट, ८०-२० वालं, तिसराच दिवस. जेवताना वरणाची वाटी त्यांच्या हातातून निसटली. मी वरच्या मजल्यावर कामाच्या कॉलवर होते. खाली आले तर त्या गुडघ्यावर बसून, एका हातात ओलं फडकं आणि शेजारी कपडे धुवायच्या पावडरचं पाणी, जोर लावून घासत होत्या, डोळ्यांत पाणी. "अगं, एवढं घासतेय तर जायच्याऐवजी लालच व्हायला लागलंय, मी काय करून बसले गं." मी म्हटलं, "आई, राहू द्या, उठा आधी, तुमचं काही चुकलं नाहीये." आणि खरंच चुकलं नव्हतं, फरशीवर त्यांनी केलं तेच बरोबर होतं.

डाग लाल का झाला? हळदीला चुना लागला की ती लाल होते हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीचंच करतात. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, त्याला अल्कली म्हणजे साबण, सोडा, चुना असला पदार्थ भेटला की तो लाल-तपकिरी होतो. कपड्याच्या पावडरीत अल्कली भरपूर. शिवाय इथल्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, डागातलं प्रथिन तोडायला, आणि लोकर हेच प्रथिन, म्हणून डब्यावर लोकर-रेशमाला वापरू नका असं छापलेलं असतं.

मी काय केलं ते सांगते. आधी चमच्याने डाळीचा चोथा कडेकडून मधे गोळा करून उचलला. मग पांढरा किचन पेपर घडी करून वर ठेवला आणि नुसता दाबला. आपण शाळेत शाईच्या पेनाने लिहून वर टीपकागद दाबायचो ना, घासायचो नाही, घासलं तर अख्खं पान निळं, अगदी तसंच. पेपर पिवळा झाला की बदलायचा, असे पंधरा-वीस पेपर गेले. मग साबण काढायला गार पाणी, कपात घेऊन चमच्याने थोडं थोडं, आणि परत टिपणं. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी, आधी जिन्याखालच्या कपाटात कार्पेटच्या तुकड्यावर लावून पाहिलं, रंग जात नाही ना, मग डागावर. लालसर डाग परत पिवळा झाला, सासूबाई बघतच राहिल्या. पुन्हा गार पाणी, पुन्हा टिपणं. शेवटी कोरड्या पेपरची जाड घडी, वर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा (हो, मी आणलाय इथे) आणि रात्रभर तसंच.

ती घडी का ठेवायची ते महत्त्वाचं आहे, कारण "डाग गेला होता आणि दुसऱ्या दिवशी परत आला" ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकते. निरांजनात तेल खाली असतं आणि ज्योत वर, मग तेल वर कसं येतं? वातीतून चढतं. लवेचा प्रत्येक धागा ही एक वात आहे. आपण वरचा डाग टिपतो, खाली पाठीत थोडं वरण शिल्लक असतं, आणि कार्पेट वरून वाळायला लागलं की खालचा ओलावा रंगासकट वर चढत टोकाला येतो. म्हणून वर जाड पेपर ठेवून त्यालाच शेवटचं टोक करायचं, म्हणजे रंग लवेत न थांबता पेपरात जातो.

सकाळी फिकट पिवळी झाक उरली होती. ती मी मुद्दाम सोडून दिली. कर्क्युमिनला उजेड सोसत नाही, हळदीचा डाग पडलेला सदरा आपण उन्हात टाकतो तो यासाठीच. पडदे उघडे ठेवले, खिडकीतला उजेड दिवसभर त्या जागेवर, आणि साधारण तीन आठवड्यांत झाक गेली.

मेंदी, कुंकू, तेल आणि देवघर

मेंदीबद्दल हात जोडून सांगते, लोकरीच्या कार्पेटवर बसून काढू नका. मेंदीचा रंग केसांतल्या केराटिनला धरतो म्हणून आपण केसांना लावतो, आणि लोकर म्हणजे केराटिनच. तो डाग नाही, ती रंगाई आहे. ओली असतानाच उचलली तर थोडी आशा, वाळून पडली तर तो तुकडा बदलणं एवढाच उपाय. स्वयंपाकघरात, जिथे टाइल किंवा व्हिनाइल आहे तिथे खुर्च्या मांडा.

हळदीकुंकवाला कुंकू सांडलं, गुलाल सांडला, रांगोळी सांडली तर ओलं फडकं लांब ठेवा. जे कोरडं पडलंय ते कोरडंच काढायचं. व्हॅक्यूमची नुसती नळी, ब्रश न लावता, वरून अलगद धरायची, टेकवायची पण नाही. पाण्याचा एक थेंब पडला की त्याच कुंकवाचा रंग होतो.

तुपा-तेलाचा डाग असेल तर आधी टिपून घ्या, मग खायचा सोडा भुरभुरवून तासभर ठेवा आणि व्हॅक्यूम करा. उरलं तर लोकरीला चालेल असं लिहिलेला, कमी फेसाचा क्लीनर, कापडावर घेऊन, थेट कार्पेटवर न ओतता. बाटलीवर वूलसेफचं चिन्ह असलेले क्लीनर मिळतात, ते लोकरीसाठी तपासलेले असतात. क्लोरीनचं ब्लीच लोकरीवर कधीच नाही, ते लोकर विरघळवतं, शब्दशः.

आणि ती काळी रेघ. बऱ्याच घरांत भिंतीच्या कडेने, दाराखाली, जिन्याच्या बाजूने एक करडी-काळी रेघ येते, आणि ज्या खोलीत देवघर आहे तिथे जास्त गडद. हा मळ पायांचा नाही. जुन्या घरांत फळ्या आणि भिंत यांच्यामध्ये फट असते, त्यातून हवा सतत जाते-येते, आणि वाटेत कार्पेट असतं. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो तसे हवेतले बारीक काजळीचे कण तिथे अडकतात. निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती, फोडणीचा धूर, सगळं त्यात जमा होतं. ही काजळी इतकी बारीक आणि तेलकट असते की पूर्ण निघणं कठीण. म्हणून नवीन कार्पेट टाकायच्या आधी फिटरला भिंतीलगतची फट सीलंटने भरून घ्यायला सांगा, काम थोडंच असतं, पण कार्पेट बसल्यावर ते करता येत नाही. आणि उदबत्तीचं घर खिडकीजवळ, खाली ताटली ठेवून. निखारा पडला तर लोकर जळून काळी पडते आणि विझते, पॉलिप्रोपिलीन मात्र १६० अंशांच्या आसपास वितळायलाच लागतं, कडक भोक पडतं. जड सोफा जोरात ओढला तरी घर्षणाच्या उष्णतेने त्यावर चकाकी आल्यासारखी रेघ उमटते, म्हणून फर्निचर दोघांनी उचलून हलवा.

फर्निचरच्या पायांचे खड्डे पडले असतील तर त्यात बर्फाचा एक खडा ठेवून विरघळू द्या, टिपून घ्या, आणि चमच्याच्या दांड्याने लव हळूच वर करा. लोकर आणि नायलॉन बऱ्यापैकी उठतात. पॉलिप्रोपिलीन एकदा दबलं की फारसं उठत नाही.

"मग भाड्याचं मशीन आणून धुतलं तर?"

चालतं, पण नवीन कार्पेटला पहिलं वर्षभर बहुतेक गरज नसते. आणि त्या मशीनची अडचण अशी की आपण शाम्पू जास्त घालतो, पाणी जास्त सोडतो, आणि मशीनची ओढ पुरेशी नसल्याने दोन्ही आत राहतं. केस धुतल्यावर शाम्पू नीट निघाला नाही तर ते चिकट होतात आणि दुसऱ्या दिवशी मळतात, तसंच कार्पेटही साबण राहिला की धुण्यापूर्वीपेक्षा लवकर मळतं. साबण सांगितल्याच्या अर्धा, साध्या पाण्याचा एक हात जास्त, पाणी ओढून घ्यायचे दोन-तीन हात जास्त, आणि खिडक्या उघडता येतील असा कोरडा दिवस. वर्षा-दीड वर्षाने व्यावसायिक माणसाला बोलावलंत तर त्याचं मशीन गरम पाणी मारतं आणि लगेच जोरात ओढूनही घेतं. लोक त्याला वाफेने धुणं म्हणतात पण वाफ नसते, गरम पाणीच असतं. "धागा कोणता आहे?" हे त्याने आधी विचारलं पाहिजे. न विचारता सुरू करणाऱ्याला थांबवा.

"आम्ही स्टेन-रेझिस्टंटचे जास्त पैसे दिलेत की"

रेझिस्टंट म्हणजे डाग उशिरा धरतं, डाग पडतच नाही असं नाही. रेनकोट घालून तळ्यात उडी मारली तर भिजणारच. धाग्यावर जो डाग अडवणारा थर दिलेला असतो त्याने तुम्हाला टिपायला वेळ मिळतो, तो वेळ वापरा. आणि काही पॉलिप्रोपिलीन कार्पेटं पातळ केलेल्या ब्लीचने साफ करता येतात हे खरं आहे, पण तुमच्या कार्पेटच्या कागदावर तसं लिहिलं असेल तरच.

"कार्पेटमुळे दमा होतो म्हणतात"

ज्याला धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी आहे त्याच्या झोपायच्या खोलीत गुळगुळीत जमीन बरी, हे मी कार्पेट विकत असूनही सांगते, आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा. बाकीच्यांसाठी मुद्दा ओलाव्याचा आहे. हे किडे दमट हवेत वाढतात, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर त्यांना जगणं अवघड होतं. इथे हिवाळ्यात आपण खिडक्या बंद करून हीटरवर कपडे वाळवतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, काचांवर पाणी साचतं, ते सगळं पाणी हवेत असतं आणि कार्पेट ते पितं. एक्झॉस्ट फॅन लावा, सकाळी दहा मिनिटं तरी खिडकी उघडा, आणि व्हॅक्यूम हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा घ्या, नाहीतर बारीक धूळ मागून परत खोलीत येते.

घर भाड्याचं असेल तर

आपल्यातले बरेच जण भाड्याच्या घरात आहेत आणि घर सोडताना डिपॉझिट जातं ते बहुतेक वेळा कार्पेटवरून, म्हणून हे इंग्लंडपुरतं सांगते. घरमालक व्यावसायिक क्लीनिंगचा खर्च तुमच्या माथी सक्तीने मारू शकत नाही, १ जून २०१९ पासून लागू झालेल्या टेनंट फीज कायद्याने ते बंद केलं. पण घर जितकं स्वच्छ मिळालं तितकंच स्वच्छ परत द्यायची जबाबदारी तुमची आहेच. नेहमीच्या वापराने झालेली झीज, म्हणजे वाटेवर दबलेली लव, थोडा उडालेला रंग, याचे पैसे कापता येत नाहीत. डागाचे कापता येतात, पण कार्पेट किती जुनं होतं ते धरून, जुन्या कार्पेटच्या बदल्यात कोऱ्या कार्पेटची पूर्ण किंमत मागता येत नाही. डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवलेलं असायला हवं आणि वाद झाला तर तिथे फुकट निवाडा होतो, तिथे फोटो लागतात. म्हणून घरात शिरल्या दिवशी, सामान लावायच्या आधी, प्रत्येक खोलीच्या कार्पेटचे तारखेसकट फोटो काढा, कोपऱ्यांसकट, दाराखालच्या त्या काळ्या रेघेसकट.

आणि स्वतःचं घर असेल तर फिटर जायच्या आधी त्याच्याकडून उरलेले तुकडे मागून घ्या. तो ते गाडीत टाकून नेतो आणि फेकून देतो. दोन हात लांबीचा तुकडा गुंडाळून जिन्याखाली ठेवा, कुठलाही क्लीनर आधी त्यावर लावून पाहायचा, आणि कधी मेंदी पडलीच, निखारा पडलाच तर तेवढा गोल कापून त्याच तुकड्यातला गोल तिथे बसवता येतो, लवेची दिशा जुळवून बसवला तर शोधूनही सापडत नाही. आमच्या जिन्याखाली अजून आहे, त्याच्या एका कोपऱ्यात व्हिनेगर लावून पाहिल्याची खूण सासूबाईंनी पेन्सिलीने गोल करून ठेवलीय.